तरंगत पाहायचा समुद्र

अंदमानची तिकिटं निघाली की मराठी घरात एक प्रश्न हमखास निघतो : "आपल्यापैकी कुणालाच धड पोहता येत नाही. मग ते स्नॉर्कलिंग आपल्याला जमेल का?" त्यामागोमाग बाकीचे येतात. आजींना धाप लागणार नाही ना? मुलगी घाबरली तर? आणि एवढे पैसे मोजून खाली दिसतं तरी काय?

पहिल्या प्रश्नाचं उत्तर ‘हो, बहुतेकांना जमतं’ असं आहे. स्नॉर्कलिंग म्हणजे डोळ्यांवर मास्क लावून, तोंडात नळी धरून, पाण्यावर पालथं तरंगत खालचं जग बघणं. त्यात ताकदीचा भाग थोडा आणि समजुतीचा भाग मोठा. शरीर का तरंगतं, नळीतून श्वास कसा घ्यायचा आणि खाली दिसतं ते काय आहे, या तीन गोष्टी घरीच समजून घेतल्या, तर पाण्यातला अर्धा तास भीतीत न जाता बघण्यात जातो. या प्रकरणात त्या एकेक करून पाहू.

1. बेट कोणतं?

अंदमानची बेटं म्हणजे समुद्रात बुडालेल्या एका डोंगररांगेची माथी आहेत. म्यानमारमधली आराकान योमा ही रांग दक्षिणेकडे पाण्याखालून पुढे जाते आणि तिची शिखरं जिथं पाण्याबाहेर आली, तिथं ही बेटं झाली. म्हणून इथं डोंगर आहेत, घनदाट जंगल आहे आणि किनाऱ्याला लागून उथळ पाण्यात प्रवाळांची झालर आहे. लक्षद्वीपचं तसं नाही. तिथली बेटं प्रवाळांच्याच साठलेल्या सांगाड्यांवर उभी आहेत. अंदमानात बऱ्याच किनाऱ्यांवरून काही पावलं पाण्यात गेलं की प्रवाळ सुरू होतात, आणि सहलीला आलेल्या कुटुंबासाठी हीच मोठी सोय आहे.

बहुतेक कुटुंबं दोन बेटांवर जातात. हॅवलॉकचं नाव 2018 च्या डिसेंबरमध्ये स्वराज द्वीप झालं आणि नीलचं शहीद द्वीप. बोटवाले आणि हॉटेलवाले अजून दोन्ही नावं वापरतात. हॅवलॉकवर राधानगरचा लांबरुंद किनारा आहे, पण त्याचा तळ वाळूचा. पोहायला आणि सूर्यास्त बघायला तो उत्तम. प्रवाळ बघायला एलिफंट बीचला जावं लागतं. तिथं बोटीनं जाता येतं किंवा जंगलातून चालत. नीलवर भरतपूर, लक्ष्मणपूर, सीतापूर अशी रामायणातली नावं असलेले किनारे आहेत. फाळणीनंतर पूर्व बंगालातून आलेली कुटुंबं इथं वसली, म्हणून गावात बंगाली कानावर पडते. स्नॉर्कलिंग होतं ते मुख्यतः भरतपूरला. तिसरी जागा वंडूरजवळचं महात्मा गांधी सागरी राष्ट्रीय उद्यान. 1983 साली स्थापन झालेल्या या उद्यानातल्या जॉली बॉय बेटावर प्लास्टिकची बाटली नेऊ देत नाहीत.

2. दिवस कसा आखायचा?

आधी घड्याळ समजून घ्या. पृथ्वी 24 तासांत 360 अंश फिरते, म्हणजे एका अंशाला 4 मिनिटं लागतात. मुंबई साधारण 73 रेखांशावर, तर अंदमान 93 वर. फरक 20 अंशांचा, म्हणून 20 गुणिले 4 म्हणजे 80 मिनिटं. घड्याळ दोन्हीकडे एकच असलं, तरी अंदमानचा सूर्य मुंबईच्या सव्वा तास पुढे धावतो. हिवाळ्यात तिथं पाचच्या सुमाराला सूर्य मावळतो. ‘जेवून, जरा पडून, चारला पाण्यात उतरू’ ही कोकणातली सवय इथं चालत नाही. स्नॉर्कलिंग सकाळचंच ठेवा. तेव्हा वारा बहुधा कमी असतो, पाणी शांत असतं आणि सूर्य चढत असल्यामुळे उजेड तळापर्यंत पोचतो.

दुसरा हिशेब भरती-ओहोटीचा. चंद्र रोज आदल्या दिवसापेक्षा उशिरा उगवतो आणि भरतीही त्याच्याबरोबर सरासरी 50 मिनिटांनी पुढे सरकते. आज सकाळी 9 ला भरती असेल तर उद्या ती 9.50 च्या आसपास. कोकणातली जुनी माणसं तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ सांगतात : चतुर्थीला चाराची पाऊणपट तीन, म्हणजे तीनच्या सुमाराला भरती. अंदमानात हा आकडा जसाच्या तसा लागू पडत नाही, कारण प्रत्येक किनाऱ्याची भरतीची वेळ वेगळी. रोज पुढे सरकण्याचा नियम मात्र तोच. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असतं. तेव्हा ओहोटीला पाणी खूप मागे जातं आणि प्रवाळांवर गुडघाभरही पाणी उरत नाही. अशा वेळी उतरलं तर पोट, गुडघे आणि प्रवाळ तिन्ही खरचटतात. म्हणून बोट ठरवताना भावाच्या आधी विचारा, "उद्या भरती किती वाजता?"

3. पोहता येत नसताना तरंगतो कसे?

पाण्यात बुडालेली वस्तू जेवढं पाणी बाजूला सारते, तेवढ्या पाण्याच्या वजनाइतका आधार तिला खालून मिळतो. समुद्राच्या एक लिटर पाण्याचं वजन मिठामुळे सुमारे 1 किलो 25 ग्रॅम भरतं. समजा, 60 किलो वजनाच्या माणसाचं शरीर 60 लिटर जागा व्यापतं. ते पूर्ण बुडालं, तर आधार मिळेल 60 गुणिले 1.025, म्हणजे साडेएकसष्ट किलोचा. शरीराच्या वजनापेक्षा हा आधार दीड किलोनं जास्त आहे. छातीत हवा भरली की शरीराचं आकारमान वाढतं आणि आधारही वाढतो. लाइफ जॅकेट घातलं की प्रश्नच मिटतो.

मग माणूस गटांगळ्या का खातो? कारण तो डोकं पाण्याबाहेर काढू पाहतो. डोकं चार-पाच किलोंचं. पाण्याबाहेरच्या भागाला पाण्याचा आधार मिळत नाही, त्यामुळे ते सगळं ओझं उरलेल्या शरीरावर येतं. कंबर खाली जाते, पाय बुडतात आणि माणूस हातपाय झाडू लागतो. नळीचा खरा उपयोग इथं कळतो. श्वासासाठी डोकं वर काढावंच लागत नाही. चेहरा पाण्यात, शरीर आडवं आणि आधार सगळीकडे सारखा. म्हणून ज्यांना पोहता येत नाही त्यांनी एकच गोष्ट शिकायची : चेहरा निवांत पाण्यात ठेवणं. याचा सराव कमरेएवढ्या पाण्यात, गाइडचा हात धरून करावा. हे जमलं की गाइड तरंगत्या रिंगला धरायला सांगतो आणि हळूहळू ओढत प्रवाळांवर नेतो.

4. नळी एवढी आखूड का?

हा प्रश्न मुलं विचारतातच : "नळी दोन मीटर लांब असती तर खाली जाऊन बघता आलं नसतं का?" नसतं. पाणी जसजसं खोल, तसतसा त्याचा दाब वाढतो. एक मीटर खोलीवर प्रत्येक चौरस सेंटिमीटरवर 100 ग्रॅमचं जादा ओझं येतं. छातीचा पुढचा भाग 30 बाय 30 सेंटिमीटरचा धरला तर तो झाला 900 चौरस सेंटिमीटर, आणि त्यावरचं ओझं 90 किलो. प्रत्येक श्वासाला एवढं ओझं रेटून छाती फुगवणं माणसाच्या स्नायूंना झेपत नाही. म्हणून नळी पस्तीस-चाळीस सेंटिमीटरचीच असते.

आता आजींच्या धापेचं कारण पाहू. आपण एरवी एका श्वासात सुमारे 500 मिलिलिटर हवा घेतो. त्यातली 150 मिलिलिटर घसा आणि श्वासनलिकेतच राहते; फुप्फुसांच्या उपयोगाला येत नाही. नळीत आणखी 150 मिलिलिटर मावते. म्हणजे प्रत्येक श्वासाला आधी नळीतली आणि घशातली मिळून 300 मिलिलिटर वापरलेली हवाच आत जाते, आणि ताजी मिळते फक्त 200. घाबरून भराभर, उथळ श्वास घेतला तर ती आणखी कमी मिळते आणि जीव गुदमरतो. तेच सावकाश, खोल श्वास घेऊन 1000 मिलिलिटर हवा ओढली, तर तिच्यातली 700 ताजी असते. श्वास दुप्पट केला आणि ताजी हवा साडेतीनपट मिळाली. पाण्यात उतरण्याआधी किनाऱ्यावर उभं राहून नळीतून असे खोल श्वास घेऊन पाहा आणि श्वास पूर्ण सोडायला विसरू नका. दमा किंवा हृदयविकार असलेल्यांनी मात्र निघण्याआधीच आपल्या डॉक्टरांना विचारलेलं बरं.

5. मासा खरंच एवढा मोठा होता का?

उघड्या डोळ्यांनी पाण्याखाली सगळं धूसर दिसतं. डोळ्यात शिरणारे किरण वळवण्याचं बरंचसं काम बुबुळावरचा पारदर्शक पडदा करतो, आणि ते होतं हवेतून डोळ्यात शिरताना. पाणी आणि हा पडदा प्रकाशाच्या दृष्टीनं जवळजवळ सारखेच, त्यामुळे पाण्यात किरण पुरेसे वळत नाहीत. मास्क डोळ्यांपुढे हवेचा कप्पा ठेवतो आणि दिसणं पुन्हा स्पष्ट होतं.

पण पाण्यातून मास्कमधल्या हवेत येताना किरण काचेपाशी वाकतात. त्यामुळे वस्तू खऱ्या अंतराच्या तीन-चतुर्थांश अंतरावर आणि तिसऱ्या हिश्शानं मोठी दिसते. चार मीटरवरचा मासा तीन मीटरवर भासतो. 30 सेंटिमीटरचा मासा 40 चा वाटतो. म्हणूनच ‘हात लांबवला की पोचेल’ असं वाटणारा प्रवाळ हाताला लागत नाही.

रंगांचंही असंच काहीतरी होतं. पाणी लाल प्रकाश सगळ्यात आधी शोषून घेतं. चार-पाच मीटर खाली लाल रंग फिका पडतो, आणखी खाली नारिंगीही. निळा मात्र खोलवर जातो. पाण्याखालचे फोटो निळेशार येतात ते यामुळे. प्रवाळांचे खरे रंग बघायचे तर एक ते तीन मीटरचं उथळ पाणी सगळ्यात चांगलं, आणि तरंगणाऱ्यांच्या वाट्याला येतं ते नेमकं हेच.

मास्क निवडताना तो पट्ट्याशिवाय चेहऱ्यावर ठेवा आणि नाकानं हलका श्वास ओढा. मास्क चिकटून राहिला तर तो आपल्या मापाचा. केसाची बट किंवा मिशी मध्ये आली तर पाणी आत झिरपतं. मुलांसाठी लहान मापाचा मास्क मागून घ्या.

6. खाली दिसतो तो दगड, झाड की प्राणी?

पहिल्यांदा बघणाऱ्याला प्रवाळ एक तर खडक वाटतो, नाही तर फांद्यांचं झुडूप. तो असतो प्राणी. खरं तर हजारो प्राण्यांची वसाहत. एकेका प्राण्याला पॉलिप म्हणतात. तो काही मिलिमीटरचा, तोंडाभोवती शुंडकांचं कडं असलेला आणि जेलीफिशच्या नात्यातला. तो पाण्यातला चुना घेऊन आपल्याखाली कठीण पेला बांधतो. पिढ्यान्‌पिढ्या पेल्यांवर पेले चढत जातात आणि त्यांचीच प्रवाळभिंत होते.

हे प्राणी जगतात कशावर? पाणी इतकं नितळ आहे याचा अर्थच असा, की त्यात तरंगणारं अन्न फार थोडं आहे. उत्तर पॉलिपच्या अंगात आहे. त्याच्या पेशींमध्ये सूक्ष्म शैवाल राहतं. जुन्या वाड्यात मालकानं खोली द्यावी आणि भाडेकरूनं भाड्यापोटी धान्य घालावं, तसा हा व्यवहार आहे. पॉलिप शैवालाला सुरक्षित जागा आणि आपल्या शरीरातली टाकाऊ द्रव्यं देतो. शैवाल सूर्यप्रकाशात साखर तयार करून तिचा बराचसा भाग पॉलिपला देतं. प्रवाळांचे तपकिरी, हिरवट रंगही मुख्यतः या शैवालाचेच. प्रवाळांना उथळ, नितळ आणि उबदार पाणी का लागतं, तेही यातून कळतं : ऊन पोचलं नाही तर भाडं थकतं.

कोकणच्या पाण्यात नद्यांचा गाळ येतो, म्हणून तिथं प्रवाळ कमी. पण नाहीतच असं नाही. मालवणच्या सागरी अभयारण्यात, सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपास ते आहेत. विजयदुर्गपासून सुमारे शंभर किलोमीटर आत समुद्रात कान्होजी आंग्र्यांच्या नावाचा आंग्रिया बँक हा बुडालेला पठारी भाग आहे, तिथंही मोठी प्रवाळवसाहत आहे. अंदमानला जाण्याआधी मास्क आणि नळीची सवय मालवणला करून घेता येते.

7. कोण कोण भेटतं?

एका जागी स्थिर राहून पाच मिनिटं बघा. पुढे पुढे सरकणाऱ्यापेक्षा थांबणाऱ्याला जास्त दिसतं, कारण लपलेले मासे तोवर बाहेर येतात.

पोपटमासा ओळखणं सोपं. हिरवा-निळा रंग आणि पुढे आलेली चोच. तो चोचीनं प्रवाळाचा पृष्ठभाग खरवडून त्यावरचं शैवाल खातो. खरवडण्याचा करकर आवाज पाण्यात स्पष्ट ऐकू येतो. सोबत गेलेला चुना घशातल्या दातांनी दळला जाऊन बारीक वाळू म्हणून बाहेर पडतो. मोठा पोपटमासा वर्षाकाठी शेकडो किलो वाळू तयार करतो. किनाऱ्यावरच्या ज्या पांढऱ्या वाळूत मुलं किल्ले करतात, तिच्यातला काही भाग असा माशांच्या पोटातून आलेला आहे.

नारिंगी अंगावर पांढरे पट्टे असलेला जोकर मासा समुद्रफुलाच्या शुंडकांत राहतो. त्या शुंडकांचा दंश इतर माशांना बाधतो. जोकर माशाला अंगावरच्या खास बुळबुळीत थरामुळे बाधत नाही. हे सगळे मासे नर म्हणून जन्मतात. समूहातला सगळ्यात मोठा मासा मादी होतो, आणि ती मेली की तिच्या खालोखालचा नर मादी बनतो.

तळाशी निळसर-जांभळी नागमोडी फट दिसली तर ती महाकाय शिंपल्याची. आपली सावली पडताच तो शिंपला मिटू लागतो. त्याच्या कडेवरच्या बारीक डोळ्यांना उजेडातला फरक कळतो. वाळूत पडलेली काळी, काकडीएवढी लांबट गोष्ट म्हणजे समुद्रकाकडी. ती वाळू गिळून त्यातलं सेंद्रिय अन्न पचवते आणि स्वच्छ वाळू मागे टाकते. कशालाही हात लावू नका. दगडासारखा निपचित पडून राहणारा विषारी मासाही याच पाण्यात असतो.

8. ओहोटीत बेट चालून पाहा

पाण्यात उतरण्याची वेळ भरतीची, तशी हिंडण्याची वेळ ओहोटीची. नीलवर लक्ष्मणपूरजवळ खडकाची नैसर्गिक कमान आहे. तिथं ओहोटीलाच जाता येतं. वाटेत खडकांच्या खळग्यांत साठलेल्या पाण्यात लहान मासे, खेकडे आणि समुद्रकाकड्या अडकून राहिलेल्या दिसतात. पायात पकड असलेली चप्पल हवी आणि पाऊल कोरड्या खडकावरच टाका.

वाळूत एखादा शंख चालू लागला तर मुलांना खाली बसून बघू द्या. आत खेकडा असतो. त्याचं पोट मऊ आणि उघडं, म्हणून तो दुसऱ्या प्राण्याचा रिकामा शंख घालून फिरतो. वाढला की मोठा शंख शोधावा लागतो. नवा शंख सापडल्यावर तो आधी पायांनी चाचपतो, आत नांगी घालून जागा मोजतो आणि क्षणात पोट बाहेर काढून नव्या शंखात शिरतो. किनाऱ्यावरचा प्रत्येक रिकामा शंख कुठल्यातरी खेकड्याचं पुढचं घर असतो. तो खिशात घालून आणू नये याचं हे साधं कारण. प्रवाळांचे मेलेले तुकडेही आणू नयेत. कठीण प्रवाळांना आपल्या वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे, आणि परतीच्या विमानतळावर सामानात असे तुकडे सापडले तर काढून घेतात.

9. पांढरे प्रवाळ का दिसतात?

काही ठिकाणी खाली पांढरेफटक प्रवाळ दिसतील. समुद्राचं तापमान नेहमीच्या उन्हाळ्यापेक्षा एखाद्या अंशानं वाढून काही आठवडे तसंच राहिलं, तर पॉलिप आणि शैवाल यांचा व्यवहार मोडतो आणि पॉलिप शैवालाला बाहेर टाकतो. रंग जातो, खालचा चुना दिसू लागतो. पांढरा पडलेला प्रवाळ लगेच मेलेला नसतो. पाणी लवकर निवलं तर शैवाल परत येतं. नाही निवलं तर तो उपाशी मरतो. 1998, 2010 आणि 2016 मध्ये अंदमानच्या प्रवाळांना असा फटका बसला. 2024 च्या एप्रिलमध्ये शास्त्रज्ञांनी जगभरातल्या प्रवाळांवर चौथ्यांदा असं संकट आल्याचं जाहीर केलं.

गोलसर, भरीव प्रवाळ वर्षाला जेमतेम एक सेंटिमीटर वाढतो. टेबलाएवढा प्रवाळ दिसला तर त्याचं वय आजोबांच्या वयाच्या पुढे असू शकतं. एका पायाच्या दाबानं तुटलेला भाग परत यायला मुलांचं बालपण सरावं लागेल.

10. कुटुंबानं पाळायचे नियम

लांब बाह्यांचा, अंगाला घट्ट बसणारा कपडा घाला. पालथं तरंगताना पाठ आणि पोटऱ्या सगळ्यात जास्त भाजतात. कापडानं अंग झाकलं की क्रीमही कमी लागतं. काही क्रीममधली रसायनं प्रवाळांना अपायकारक ठरतात म्हणून हवाई आणि पलाऊनं ती बंद केली आहेत.

एकट्यानं उतरू नका. दोघादोघांची जोडी करा. मगरीचा इशारा देणारी पाटी असेल तिथं पाण्यात पाऊल टाकू नका, मग बाकीचे कुणीही पोहत असोत. खोल बुडी मारण्याआधी भराभर श्वास घेण्याचा प्रकार मुलांना करू देऊ नका. त्यानं श्वास घेण्याची इच्छा दबते आणि पाण्याखालीच शुद्ध हरपू शकते. स्नॉर्कलिंगनंतर विमानानं जायला हरकत नाही. पण सिलिंडर लावून स्कूबा केलं असेल तर विमानाआधी एक पूर्ण दिवस मोकळा ठेवा. दाबाखाली रक्तात विरघळलेला नायट्रोजन शरीराबाहेर पडायला तेवढा वेळ लागतो.

आणि गाइड निवडताना दोन प्रश्न विचारा : नांगर प्रवाळावर टाकता की वाळूत? दमलो तर उभं कुठं राहायचं? जो गाइड वाळूची जागा दाखवतो आणि प्रवाळावर पाय टेकणाऱ्याला तिथल्या तिथं थांबवतो, त्यालाच पैसे द्या, आणि मागून येणाऱ्या कुटुंबांनाही त्याचंच नाव सांगा. बेटावरची रोजीरोटी पर्यटकांवर चालते. आपण काळजी घेणाऱ्याला काम दिलं, तर काळजी घेणं हाच तिथला धंद्याचा रिवाज होईल.